डोकेदुखी मानेतून येते की मानेत जाते?

एका बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४७, बँकेत काउंटरवर नोकरी. तीन वर्षांपासून आठवड्यातून दोन-तीनदा डोकं दुखतं. दुखणं मानेच्या मागून, उजवीकडून सुरू होतं आणि उजव्या डोळ्याच्या मागे जाऊन बसतं. महिन्यातून एकदा-दोनदा मात्र इतकं ठणकतं की उलटी होते आणि उजेड सहन होत नाही. महिन्याचे बारा-तेरा दिवस डोकेदुखीची गोळी घ्यावी लागते. एमआरआयमध्ये मानेच्या खालच्या सी-५ आणि सी-६ या मणक्यांमधली चकती फुगलेली निघाली, रिपोर्टवर 'स्पाँडिलोसिस', म्हणजे मणक्यांची झीज, असं लिहून आलं. कॉलर लावून झाली, दहा दिवस शेक आणि ट्रॅक्शन झालं, ऑफिसात मॉनिटर उंच करून घेतला. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता घरचे म्हणतात एकदा मान बसवून घे, आणि एका डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढलाय. डोकेदुखी मानेमुळेच आहे का, आणि मानेमुळे असेल तर जात का नाही?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मान आणि पाठ हेच रोजचं काम. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान होत नाही, तरी या वर्णनावरून जे वाटतं ते आधीच सांगून टाकतो. तुम्हाला एक नाही, दोन वेगवेगळ्या डोकेदुख्या असाव्यात, आणि गोळ्यांनी बहुधा तिसरी तयार केली आहे. यातली एकच मानेतून येते. तीसुद्धा सी-५ सी-६ मधून येत नसावी.

आधी त्या रिपोर्टबद्दल. एमआरआयच्या कागदावर 'डिस्क बल्ज' दिसलं की माणसाचा चेहरा उतरतो, घरात ऑपरेशनची चर्चा सुरू होते. जपानमध्ये १,२११ धडधाकट लोकांच्या मानेचे एमआरआय काढले होते. म्हणावा तसा मानेचा त्रास नसलेली ही माणसं. त्यांच्यातल्या ८७.६ टक्के लोकांत चकती फुगलेली सापडली. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात विशीतल्या मुलामुलींतही बहुतेकांना ती होती. सत्तेचाळीसाव्या वर्षी सी-५ सी-६ ला काहीच दिसलं नसतं तर मला उलट नवल वाटलं असतं, कारण मानेत सगळ्यात आधी झिजणाऱ्या जागांपैकी ती एक आहे. मार्केट यार्डातले जुने माथाडी कामगार माझ्याकडे येतात, डोक्यावर-पाठीवर पोती वाहून आयुष्य गेलेले. त्यांचे एक्स-रे बघितले तर मानेचे खालचे मणके पार झिजलेले असतात. येतात ते खांदा नाही तर कंबर घेऊन. डोकं दुखतं का विचारलं तर मान हलवून 'नाही' म्हणतात, आणि ती मान बऱ्यापैकी हलते.

सी-५ सी-६ ला नस खरोखर दाबली गेली तर दुखणं खाली जातं. खांदा, दंड, पुढचा हात आणि अंगठ्याची बाजू. मुंग्या येतात, पकड ढिली पडते. ते वर डोळ्याकडे चढत नाही. खालच्या मणक्यांमुळे डोकं दुखल्याची उदाहरणं कुणी कुणी मांडली आहेत, पण तो अजून वादाचा भाग आहे. त्या भरवशावर मानेत प्लेट बसवून घेऊ नये.

डोक्यापर्यंत पोचणारं दुखणं मानेच्या वरच्या भागातून येतं. कवटीच्या लगेच खालचे तीन मणके, त्यांचे छोटे सांधे आणि त्यांच्यावरचे बोटभर लांबीचे स्नायू. या भागातून निघणाऱ्या नसा आणि चेहरा, कपाळ, डोळा यांची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस, या दोघींचे निरोप मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला एकाच जागी पोचतात. पुढे मेंदूला निरोप कळतो, पण तो नक्की कुठून आला हे नीट कळत नाही. हृदयाचं दुखणं डाव्या हातात जाणवावं तसं दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यामधल्या सांध्याचं दुखणं डोळ्यामागे किंवा कपाळात जाणवतं. मानेतून येणाऱ्या डोकेदुखीत सगळ्यात जास्त वेळा दोषी सापडतो तो हाच सांधा. नॉर्वेचे ऑतार शोस्ताद यांनी १९८३ साली या प्रकाराला 'सर्व्हायकोजेनिक' डोकेदुखी असं नाव दिलं, आणि पुढे तिला डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतःची जागा मिळाली.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे मानेमुळेच आहे की! थांबा जरा. निरोप मिसळतात ते दोन्ही दिशांनी. मानेचं दुखणं जसं डोळ्यात दिसतं, तसं डोक्यातल्या मायग्रेनचं दुखणं मानेतही दिसतं. मायग्रेनच्या झटक्यात मान दुखणं हे मळमळीपेक्षाही जास्त वेळा आढळतं. कित्येकांना झटक्याच्या काही तास आधी, कधी आदल्या दिवशी, मान आखडल्यासारखी होते, जांभया येतात, चिडचिड होते. मग डोकं दुखायला लागलं की माणूस हिशोब जुळवतो: आधी मान, मग डोकं, म्हणजे कारण मान. प्रत्यक्षात मान आखडणं हा त्या झटक्याचाच पहिला भाग असतो. अशा माणसाची मान कितीही चोळली तरी महिनाभराने पुन्हा तेच. माझ्याकडे 'मानेमुळे डोकं दुखतं' म्हणून येणाऱ्यांत मूळ मायग्रेनवालेच जास्त असतात. त्यांना मी मानेचे व्यायाम देतो, पण न्यूरॉलॉजिस्टकडेही पाठवतो.

आपल्याकडे मायग्रेन ओळखू न येण्याचं एक कारण पित्त. एकादशीचा उपास झाला, लग्नघरात जागरण झालं, मे महिन्याच्या उन्हात बाजार केला, की संध्याकाळी डोकं उठतं. पोटात ढवळतं, उलटी होते, मोकळं वाटतं, झोप लागते. 'पित्त झालं होतं' म्हणून विषय मिटतो. आईचंही असंच होतं, मावशीचंही, म्हणून कुणाला त्यात आजार दिसत नाही. मायग्रेनच्या झटक्यात पोटाचं काम मंदावतं, मळमळ होते, आणि बऱ्याच जणांचा झटका उलटीनंतर उतरतो. आई, मावशी हा धागासुद्धा त्यातलाच आहे, कारण मायग्रेन घराण्यात चालत येतो. 'सायनस'चंही तसंच. स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं समजणाऱ्या किंवा डॉक्टरांनीच तसं सांगितलेल्या २,९९१ लोकांची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनची निघाली.

मग तुमच्या बाबतीत कुठली कोणती? महिन्यातून एकदा-दोनदा येणारी, उलटीवाली, उजेड नको करणारी, ती मायग्रेन असण्याची शक्यता बरीच आहे. पाळीच्या तारखांशी ती जुळते का बघा. तुमच्या वयात, पाळी जायच्या आधीच्या वर्षांत, जुना मायग्रेन पुन्हा डोकं वर काढतो. शाळा-कॉलेजात असताना उन्हाने किंवा उपासाने डोकं उठायचं का, हे आठवून बघा.

बाकीची, आठवड्यातून दोन-तीनदा येणारी, जरा बोथट, ठणका नसलेली, नेहमी उजवीकडेच, मानेतून सुरू होणारी, ती मानेची असू शकते. मानेची डोकेदुखी सहसा बाजू बदलत नाही. मायग्रेन बदलतो, जरी काहींचा कायम एकाच बाजूला राहतो. मानेची डोकेदुखी मानेच्या हालचालीने किंवा मान एकाच स्थितीत फार वेळ राहिल्याने आणता येते. गाडी मागे घेताना वळून बघितलं, माळ्यावरचे डबे काढले, दोन तास मान वर करून स्क्रीन बघितला, की सुरू. ओपीडीत मी एक साधा प्रश्न विचारतो: दुखायला लागल्यावर अंधार करून पडावंसं वाटतं, की मान चोळत चोळत काम उरकता? पहिलं उत्तर आलं की माझं लक्ष मायग्रेनकडे जातं, दुसरं आलं की हात मानेकडे.

पुढची तपासणी हातांची आहे आणि तिला कुठलंही मशीन लागत नाही. पेशंटला उताणं झोपवायचं, मान पुढे पूर्ण वाकवायची, हनुवटी छातीकडे. या स्थितीत खालचे मणके ताणले जाऊन अडकतात आणि वळायला पहिल्या-दुसऱ्या मणक्याचाच सांधा मोकळा राहतो. मानेचं जवळजवळ निम्मं वळणं याच एका जोडीत होतं. आता डोकं हळूच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवायचं. चांगल्या मानेत ते दोन्हीकडे ४४ अंशांच्या आसपास वळतं. एका बाजूला ३२ अंशांच्या आतच अडकलं, तर वरच्या सांध्यांत गडबड आहे असं धरायला जागा असते. निव्वळ मायग्रेनवाल्यांत हे वळणं सहसा ठीक असतं, म्हणून ही चाचणी मला आवडते. त्यानंतर अंगठ्याने दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या सांध्यावर, मधल्या रेषेपासून बोटभर बाजूला, हळूहळू दाब द्यायचा. तिथे दुखणं महत्त्वाचं नाही, दाबलं तर कुणाचंही दुखेल. पेशंट दाबासरशी 'हेच ते, डोळ्यात गेलं' म्हणाला आणि दाब सोडल्यावर ते विरलं, तर मात्र धागा हाती लागला. तुमची ही तपासणी आजवर कुणी केली आहे का? तीन वर्षांत एमआरआय झाला, शेक झाला, ट्रॅक्शन झालं, पण वरच्या सांध्यांना कुणी हात लावला असेल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही.

आता गोळ्या. माझा हा प्रांत नाही, पण हे सोडून पुढे गेलो तर बाकीचा सगळा सल्ला वाया जाईल. डोकेदुखीची गोळीच डोकेदुखी टिकवून ठेवते, असा एक रीतसर ओळखला गेलेला प्रकार आहे. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, किंवा कॅफीन वगैरे घातलेली मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, की हा प्रकार डोक्यात घ्यावा लागतो. मेडिकलमध्ये सुटी मिळणारी डोकेदुखीची गोळी बहुधा मिश्रच असते. तुमची गोळी तशी असेल, तर तुमचे बारा-तेरा दिवस त्या रेषेच्या पलीकडे आहेत. गोळी कमी केली की पहिले काही दिवस डोकं जास्त दुखतं, साधारण दोन ते दहा दिवस, आणि तिथेच लोक हार मानतात. म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. त्यांनी रात्री घ्यायला ॲमिट्रिप्टिलिनसारखी गोळी लहान डोसमध्ये लिहून दिली, तर गुगल करून घाबरू नका. ती नैराश्यावरही देतात हे खरं, पण डोकेदुखी येऊ नये म्हणून तिचा वापर जुना आहे. 'मला काय वेड लागलंय का' म्हणत ती परस्पर बंद करणारे पेशंट मला दर महिन्याला भेटतात.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी एक काम करा. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा हिशोब मांडता, तसा सहा आठवडे डोक्याचा मांडा. डोकं दुखलं त्या चौकटीत उजवी की डावी, सौम्य की जोराची, उलटी झाली का, गोळी घेतली का, एवढंच. पाळीची तारीख तुमच्याकडे मांडलेली असेलच. एवढं एक पान डॉक्टरांपुढे ठेवलंत तर त्यांना एमआरआयच्या फाइलपेक्षा जास्त कळेल.

तुम्ही एक गोष्ट ओझरती लिहिली आहे, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. मॉनिटर उंच करूनही फरक पडला नाही. तुमचं वय ४७, म्हणजे चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असण्याची शक्यता मोठी. या चष्म्यात जवळचं आणि संगणकाच्या अंतरावरचं बघायची काच खालच्या भागात असते. मॉनिटर उंच, आणि बघायची काच खाली. मग माणूस नकळत हनुवटी पुढे काढतो आणि डोकं मागे टाकतो. या स्थितीत मानेचा वरचा भाग, नेमके ते पहिले तीन सांधे, मागे चेपून राहतात. काउंटरवर सहा-सात तास. समोरून खातेदार, बाजूला स्क्रीन, म्हणजे शिवाय मान थोडी वळवलेली. तुमचा स्क्रीन उजवीकडे आहे का? असेल तर मी हा धागा आणखी घट्ट धरीन.

'स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत हवा' हा सल्ला चाळिशीच्या आतल्या, साध्या चष्म्याच्या माणसासाठी ठीक आहे. प्रोग्रेसिव्ह चष्मेवाल्याला तो बाधतो. त्याला स्क्रीन थोडा खाली आणि किंचित मागे कललेला लागतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून संगणकाच्या अंतराचा वेगळा एकाच नंबरचा चष्मा करून घेणं आणि तो बँकेच्या ड्रॉवरमध्ये ठेवून देणं. हे करून बघायचं असेल तर एक दिवस सहकाऱ्याला सांगा, तुम्ही कामात असताना बाजूने मोबाइलवर फोटो काढ, पण न सांगता. पोज दिलेल्या फोटोत सगळेच ताठ बसतात.

मोबाइलबद्दल एक आकडा सगळीकडे फिरतो, मान ६० अंश वाकवली की मानेवर २७ किलो भार येतो. तो न्यूयॉर्कच्या एका सर्जनने २०१४ मध्ये संगणकावरच्या मॉडेलवरून काढलेला आहे, माणसांच्या मानेत मोजलेला नाही. मान वाकवणं हा गुन्हा नव्हे, मान त्यासाठीच आहे. वाकडी असो वा ताठ, तासन्‌तास एकाच जागी ठेवली की ती कुरकुर करते. दर अर्ध्या-पाऊण तासाला उठा, पाणी आणायला जा, खांदे फिरवा. काउंटरवर रांग असताना हे अवघड आहे हे मला माहीत आहे. निदान खुर्चीत बसल्या बसल्या मान दोन्हीकडे वळवता येते.

उपचारांकडे येतो. शेक, करंट, ट्रॅक्शन यांनी तुम्हाला तेवढ्यापुरतं बरं का वाटलं, तर गरम शेक आणि दहा मिनिटं आडवं पडणं हे कुणालाही बरंच वाटतं. मानेचे खोलवरचे स्नायू त्याने कामाला लागत नाहीत. ट्रॅक्शन हात दुखणाऱ्या, नस दबलेल्या काही पेशंटना उपयोगी पडतं. वरच्या मानेतून येणाऱ्या डोकेदुखीला त्याचा फारसा आधार नाही. कॉलर तर काढूनच ठेवा. अपघात झालेल्या मानेसाठी ती वस्तू आहे. महिनोन्‌महिने लावली तर स्नायू आळशी होतात आणि मान आणखी आखडते.

ज्या उपचारामागे भक्कम पुरावा आहे तो दिसायला अगदी साधा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्वेंडोलिन जल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेतून डोकेदुखी असलेल्या २०० जणांवर एक अभ्यास केला, तो २००२ मध्ये छापून आला. काहींना सांध्यांवर हाताने उपचार, काहींना हलके व्यायाम, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. सहा आठवड्यांचा कार्यक्रम. व्यायाम आणि हाताचे उपचार, दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली आणि वर्षानंतरही तो फायदा टिकून होता. मी दोन्ही एकत्र देतो, पण निवडच करायची वेळ आली तर व्यायाम निवडीन, कारण तो पेशंटच्या हातात राहतो.

त्यातला मुख्य व्यायाम असा. उताणं झोपा, गुडघे वाकवून. डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी, इतकी की चेहरा छताला समांतर राहील. आता डोकं न उचलता, अगदी थोडंसं 'हो' म्हणा. हनुवटी गळ्याकडे सरकते, डोक्याचा मागचा भाग टॉवेलवर वरच्या दिशेने किंचित घसरतो, एवढीच हालचाल. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा, दिवसातून दोनदा. धरताना श्वास चालू ठेवा आणि दोन बोटं गळ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. कानामागून गळ्याच्या खळगीकडे येणाऱ्या दोन जाड दोऱ्या लागतील. त्या बोटांखाली टरारून वर आल्या, तर तुम्ही जोर लावताय आणि चुकीचे स्नायू काम करताहेत. जोर निम्मा करा. पहिल्या आठवड्यात बहुतेक सगळ्यांच्या त्या दोऱ्या उठतात. खोलवरचे स्नायू दुखण्यामुळे सुस्तावलेले असतात, त्यांना जागं करायला हलकाच व्यायाम लागतो. 'एवढ्याने काय होणार' असं म्हणत जोर करणारेच याच्यात मागे पडतात. दवाखान्यात आम्ही मानेखाली हवेची पिशवी ठेवून दाब मोजतो, २० पासून सुरुवात करून दोन-दोनने ३० मिलिमीटरपर्यंत. पिशवी नसली तर बीपीच्या मशीनचा कफ घडी करून काम भागतं.

याच्या जोडीला खांद्याच्या पात्यांचे स्नायू. बँकेत बसणाऱ्यांचे खांदे कानाकडे चढलेले असतात आणि मानेचे वरचे स्नायू दिवसभर ते ओझं धरून असतात. भिंतीला हात टेकून पाती मागे-खाली ओढण्याचे व्यायाम तुमचा फिजिओथेरपिस्ट शिकवेल. टॉवेलची कड मानेला लावून वळण्याचाही एक चांगला प्रकार आहे, वळणं अडकलेल्यांसाठी. पण तो एकदा समोरासमोर शिकूनच करावा, जागा चुकली तर उगाच दुखतं. सहा ते आठ आठवडे मनापासून करा. तेवढ्यात आठवड्याच्या दोन-तीन डोकेदुख्या एकीवर आल्या नाहीत, तर निदान पुन्हा तपासायचं, व्यायाम वाढवत बसायचं नाही. मग सांध्याजवळच्या नसेला इंजेक्शन देऊन बघण्याचा मार्ग असतो. भुलीच्या इंजेक्शनने त्या वेळेपुरतं दुखणं थांबलं, तर जागा नक्की होते. हे पेन स्पेशालिस्टचं काम.

मान बसवून घेण्याबद्दल: नको. हाडवैद्य असो, सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडणारा असो, तपासल्याशिवाय मानेला जोराचा झटका देणाऱ्या कुणाच्याही हाती मान देऊ नका. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात आणि पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी वळसे घेतात. झटक्याने त्यांच्या आतल्या थराला चीर पडू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं. पार्लरच्या बेसिनवर मान फार वेळ मागे टाकून केस धुतल्यानंतर पक्षाघात झालेल्या पाच बायकांची नोंद १९९३ सालीच एका अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने केली होती. मी स्वतः सांध्यांवर हाताने उपचार करतो, पण मऊ, हळू, आणि पेशंट कुठल्याही क्षणी 'थांबा' म्हणू शकेल असे.

काही लक्षणं असतील तर हे सगळं बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जायचं. आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं अचानक, मिनिटाभरात भडकलं. ताप आणि मान ताठ. बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला, एकाची दोन माणसं दिसायला लागली. डोक्याला-मानेला मार लागल्यावर किंवा झटका दिल्यावर नव्याच जातीचं दुखणं सुरू झालं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकेदुखी सुरू झाली, कंगवा फिरवताना कानशिलाची कातडी दुखते, चावताना जबडा दमतो, तर ईएसआरची (शरीरातली सूज दाखवणारी) साधी रक्ततपासणी तातडीने करून घ्यावी, कारण हे कानशिलाच्या धमनीला सूज आल्याचं लक्षण असू शकतं आणि त्यात दृष्टी जाऊ शकते. आणि शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जातोय, लघवीवर ताबा राहत नाही, तर मज्जारज्जू दबतोय का ते बघायला हवं. तिथे एमआरआय हवाच, आणि तिथे ऑपरेशनही वेळेत व्हायला हवं.

तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. हात बधिर होत नाहीत, पकड ठीक आहे, चाल ठीक आहे असं तुम्ही लिहिलंय. नुसत्या डोकेदुखीसाठी सी-५ सी-६ चं ऑपरेशन करायला मला काही कारण दिसत नाही. दुसरं मत घ्यायचं असेल तर न्यूरॉलॉजिस्टचं घ्या, आणि जाताना कालनिर्णयचं ते पान न्या.

उशी कोणती, हे तुम्ही शेवटी विचारलंय. दोन-चार हजारांची 'सर्व्हायकल' उशी घ्यायची गरज नाही. कुशीवर झोपता तेव्हा खांद्याची जाडी भरून निघेल आणि नाक छातीच्या मधल्या रेषेत राहील एवढी उंची पुरे. पालथं झोपत असाल तर ती सवय मात्र मोडा, त्यात मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते. उजवीकडेच, असं ऐकलं तरी मला आश्चर्य वाटणार नाही.